शिवेपर्यंतचा रस्ता

तरसवाडी, ता. माण, जि. सातारा
२० जून १९७१

तीर्थरूप आबांच्या पायांवर शालनचा माथा.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. कराडला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी वडूज, दहिवडी करत म्हसवड गाठलं. सिद्धनाथाच्या पाया पडलो आणि तिथून बैलगाडी. गाडीत बसून बसून माझी कंबर धरली, तेव्हा मामंजी हसून म्हणाले, "पोरी, तुझं म्हायेर लांब न्हाई. वाट लांब हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळावर नेऊन दाखवलं. आमच्या घरापासून शीव अर्ध्या कोसावर. तिथं मोठा ओढा आहे. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा, म्हणजे तुमचा. पुढं पाच मैल माळ तुडवला की आटपाडीची पक्की सडक, तिथून विट्याला एसटी. मामंजी म्हणाले, "फरशी पूल आन् पाच मैल रस्ता झाला, की हितं न्याहारी करून निघायचं आन् दिवस बुडायच्या आत आईच्या चुलीम्होरं बसायचं."

आबा, मांडवात तुम्ही कर्ण्यावर म्हणालात ना, "माझी लेक पुढं, तिच्या मागनं रस्ता," ते इथं पोराबाळांच्या तोंडी आहे. बाया मला बघायला आल्या. एक म्हातारी म्हणाली, "हीच का ती रस्त्याची सून?" सासूबाईंना ते फार आवडलं. पाणी लांबून आणावं लागतं, पण माझ्या डोईवर अजून कुणी घागर दिलेली नाही. असा मान मला कशानं मिळतोय हे मला कळतं.

हे बोलायला कमी आहेत, पण चांगले आहेत. आईला सांगा, मी रडत नाही.

तुमची लेक
शालन


पिंपळबहे, ता. वाळवा, जि. सांगली
२ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. शालन हिस आकाराम आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, "रडत न्हाई असं लिवलंय म्हंजे रडतीया." मी तिला गप्प केलं.

मी परवाच सांगलीला जाऊन आलो. बांधकामाच्या मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. मी म्हणालो, तरसवाडी कुठाय दाखवा. साहेब म्हणाले, "मेंबरसाहेब, आमचा नकाशा शिवेवर संपतो." खरंच, ओढ्याच्या पलीकडं नुसता पांढरा कागद! मी म्हणालो, "साहेब, त्या पांढऱ्यात माझी लेक नांदतीया." ते हसले आणि ओव्हरसियरला बोलावून सर्वेचा हुकूम दिला.

आता अडचण सांगतो, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनाही उमगेल. रस्ता दोन जिल्ह्यांचा. तुमच्या बाजूचा सातारा करणार, आमच्या बाजूचा सांगली. साताऱ्याची माणसं म्हणतात, पलीकडं रस्ता नाही तर आम्ही शिवेपर्यंत करून काय करू? आमची माणसं म्हणतात, अलीकडं पाच मैलांत एकच धनगरवस्ती, आमच्या पैशानं साताऱ्याच्या लोकांची सोय कशाला? पण मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीवर आहे. तुझे सासरे नाथाजीराव आणि मी एका पलटणीत, एका ताटात जेवलो आहोत. तेवढ्या भरवशावर तर त्या माळावर लेक दिली. लोकांनी मला वेड्यात काढलं होतं, उसाच्या रानातली पोर कुसळात टाकली म्हणून. त्यांची तोंडं मला बंद करायची आहेत.

जावई जोतीरामरावांना आशीर्वाद. रस्ता झाला की पहिल्या एसटीनं तुझी आई येणार आहे. तिनं आत्ताच लुगडं काढून ठेवलंय.

आबा


तरसवाडी
१८ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आबांस,

तुमच्या दोन पत्रांना उत्तर राहिलं. इथलं काय सांगू, दुसरं वर्षही कोरडं गेलं. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतो. बैलं म्हसवडच्या छावणीत आहेत. रेशनचा मिलो, ती तांबडी ज्वारी, मिळतो, पोरांना सुकडी मिळते. कुणी उपाशी नाही, तेव्हा आईनं काळजी करू नये.

पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. दुष्काळी कामात आपला रस्ता धरला! म्हसवडच्या अंगानं सुरू केला आणि काल शेवटची पाटी शिवेवर पडली. सगळं गाव कामावर होतं. हे मुरूम भरायला, सासूबाई पाट्या वाहायला. मी आपली घरीच असते, भाकऱ्या करून नेऊन देते.

रोलर फिरताना म्हातारी माणसं बघायला आली होती. रोलर ओढ्याच्या काठापर्यंत गेला आणि मागं वळला. मामंजी काठावर उभे राहिले. त्यांनी लष्करातल्यासारखा पलीकडच्या माळाला सलाम ठोकला आणि ओरडले, "आकारामा, आमी आलो रं! आता तू ये!" बायका पोट धरून हसल्या. दुष्काळात एवढं हसलेलं मी बघितलं नव्हतं.

आता साताऱ्याचं काम झाल्यातच जमा, वरच्या थराची खडी तेवढी फोडून टाकायची राहिली. पलीकडच्यांना बोलायला जागा उरली नाही. तुम्ही लिहिलं होतं, सर्वे झाला, आराखड्यात नाव लागलं. मग आता कधी लागेल हात?

शालन


पिंपळबहे
९ मे १९७३

चि. शालन,

कृष्णात कडब्याची गाडी पोचवून परत आला. आल्यापासून जेवला नाही. शेवटी आईनं शपथ घातली तेव्हा म्हणाला, शालन घरी नसते, खडी फोडते. तोंडाला फडकी बांधलेल्या बायांच्या रांगेत सख्खी बहीण त्याला ओळखू आली नाही. तूच हाक मारलीस. तू हात पदराखाली घेतलेस, तरी त्यानं बोटांच्या चिंध्या बघितल्या.

मला का लिहिलं नाहीस? पन्नास माणसं माझ्या मळ्यात कामाला येतात आणि माझी पोर उन्हात दगड फोडते! कृष्णात म्हणाला, "आबा, तिला आणूया." मी उठलोच होतो. पण मग वाटलं, नाथाजी काय म्हणेल? त्याच्या घरची सगळी माणसं राबत असताना मी एकटीला उचलून आणली, तर ते त्याच्या तोंडात मारल्यासारखं होईल.

आमच्या बाजूनं दुष्काळात तो रस्ता घेतला नाही. आटपाडीकडं तलावाची कामं काढली, माणसं तिकडं लावली. आता पुढच्या आराखड्यात आपलं काम वरचं. फरशीसकट. मी साहेबांपुढं मूठ आपटून बोललो आहे. तुझ्या हातांची शपथ घेऊन सांगतो, तो रस्ता केल्याशिवाय मी राहणार नाही.

धान्य पाठवतो आहे. परत पाठवू नका.

आबा


तरसवाडी
१० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप आबांस,

बाळ आता रांगतो. पुढच्या वेळी पत्राबरोबर त्याच्या पायाचा ठसा पाठवीन, आईला हौस.

खडीचं तुम्ही मनाला लावून घेतलंत, म्हणून आज सांगते. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. दुसऱ्या बाया पोटासाठी फोडायच्या. मीही पोटासाठीच, पण मला आतून वाटायचं, हा एकेक दगड माहेराच्या अंगाला पडतोय. हाताला फोड यायचे तेव्हा त्याचाच आधार असायचा.

पण आबा, आता दोन पावसाळे झाले. वरनं डांबर पडलं नाही, मुरूम वाहून चालला. खडी उघडी पडलीय, त्यावर बैलाचे खूर फाटतात. लोक रस्ता सोडून कडेनं चालतात. साताऱ्याचे साहेब म्हणतात, रस्ता पुढं कुठं जात नाही, मग यावर खर्च दाखवायचा कसा?

यंदा विहिरीला पाणी लागलं तर ह्यांनी कांदा केला. तुम्ही दसऱ्यापर्यंत फरशी होईल असं लिहिलं होतं, त्या हिशोबानं विट्याचा बाजार धरला होता. गाडी ओढ्यात उतरवली आणि मधोमध चाक रुतलं. चार बैलं लावली तरी निघेना. निम्म्या गोण्या भिजल्या. घरी आणून माळवदावर पसरल्या तर सगळ्या सडल्या. अजून घराला वास आहे.  चावडीवर कुणी तरी बोललं, "मेंबरच्या जावयाचाच कांदा कुजला, मग आपलं काय?"

पाण्याला जाताना बाया आता मला मागं टाकून पुढं जातात. परवा एकीनं तोंडावर विचारलं, "शालन, तुझ्या बाला एकदा इचार की गं, रस्ता येतूया का न्हाई ते. न्हाई म्हनला तर न्हाई. आमी वाट बगायची सोडू."

म्हणून विचारते. येतो का नाही?

शालन


पिंपळबहे
१५ डिसेंबर १९७४

चि. शालन हिस आशीर्वाद.

इतका घायकुतेपणा करू नये. सरकारी काम बैलाच्या चालीनं चालतं. डांबर महागलं आहे, सगळीकडं कात्री लागली आहे. आपलं प्रकरण वर गेलं आहे. वर म्हणजे किती वर, हे तुला कळायचं नाही. जानेवारीत पुन्हा चर्चा आहे.

जोतीरामराव आणि तुमचे सरपंच अर्ज घेऊन सांगलीला येणार असं ऐकतो. येऊ नयेत. दुसऱ्या जिल्ह्याची माणसं कचेरीत दिसली की काम उलट बिघडतं. मी आहे ना.

आईचे गुडघे धरले आहेत. बाळाच्या पायाचा ठसा पाठव.

आबा


तरसवाडी
२३ फेब्रुवारी १९७५

आबांस,

तुम्ही येऊ नका म्हणालात तरी हे आणि सरपंच भाऊसो सांगलीला गेले. गावानं ठरवलं होतं, ह्यांना नाही म्हणता आलं नाही. चार दिवसांनी परत आले. आल्यावर गोठ्यात जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, "कायबी न्हाई." आठ दिवस हेच. काल रात्री जेवताना मामंजींनी जरा जोरात विचारलं, तेव्हा ह्यांनी ताट सारलं आणि सगळं सांगितलं. ते जसं सांगितलं तसं लिहिते.

कचेरीच्या व्हरांड्यात दोघं बसून होते. साहेब नव्हते. तिथं आष्ट्याकडचे एक मेंबर भेटले, बाळगोंडा अण्णा म्हणून, हळदीचे व्यापारी. माणूस भला. लांबून आलेले दिसतात म्हणून त्यांनी दोघांना चहा पाजला आणि विचारलं, "कुठलं पाव्हणं?"

सरपंच म्हणाले, "साताऱ्याकडचं. शिवंवरच्या रस्त्याचं बघाय आलोय."

"आवं, त्यो तर गेल्या पावसाळ्यातच उडाला की!"

"उडाला म्हंजे?"

"पैसा एका कामापुरता व्हता. एक तर तुमचा रस्ता आन् फरशी, न्हाईतर कारखान्याकडं ऊस न्यायचं रस्तं. मी म्हणालो, शिवंवरची निदान फरशी तरी राहू द्या, त्या लोकांनी दुष्काळात हाडं मोडून आपल्या अंगाचा रस्ता केलाय. आणखी दोघंतिघं माझ्या बाजूनं व्हतं. पर शिवंवरचं काम वगळायचा ठराव मांडला पिंपळबह्याच्या आकारामबापूंनीच. त्यांची लेक त्याच गावात दिलीया म्हणं. मग आमी काय बोलणार? म्हटलं, ज्याची लेक तिकडं नांदती त्यालाच नको असंल, तर आपुन कशाला भांडायचं? हात वर झालं. मिटलं."

सरपंचांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "बरं हाय अण्णा, येतो." चहा तसाच राहिला.

एसटीत सरपंच एवढंच बोलले, "जोतीराम, गावात मी काय सांगत न्हाई. तूबी सांगू नगंस." पण अशी गोष्ट राहते का? आज सगळ्या गावाला माहीत आहे.

हे ऐकून मी मामंजींच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी मान खाली घालून तयार होते. त्यांनी ह्यांचं सारलेलं ताट परत ह्यांच्यापुढं ठेवलं. मग म्हणाले, "ह्या घरात आकारामाला कुणी वंगाळ बोलायचं न्हाई. पलटणीत मला ताप भरला व्हता तवा त्यानं मला दोन दिस खांद्यावर वागवलंय. त्याची काय तरी अडचण असंल." आणि उठून बाहेर गेले. आबा, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तुम्हाला भांडायला लिहीत नाही. मला एवढंच कळत नाही. नोव्हेंबरात मी सरळ विचारलं होतं, येतो का नाही. तेव्हा ठराव होऊन गेला होता. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर ह्यांना कचेरीच्या व्हरांड्यात परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकावं लागलं नसतं.

शालन


पिंपळबहे
१६ मार्च १९७५

चि. शालन,

बाळगोंडानं सांगितलं ते खरं आहे. अर्धं आहे, पण खरं आहे.

उरलेलं अर्धं मी सांगतो. गेल्या हंगामात आपल्या गावचा ऊस तोडून फडात वाळत पडला. काळ्या रानातनं गाड्या निघेनात. ट्रॅक्टर रुतले. कारखान्यानं सांगितलं, रस्ता नसेल तर पिंपळबह्याची तोड शेवटी. शेवटी म्हणजे चिपाडं. गावची माणसं आपल्या सोप्यात येऊन बसली. ज्यांनी मला निवडून दिलं ती. मनुबाई तेली, विधवा बाई, तिचा बिघाभर ऊस. ती म्हणाली, "बापू, तुमी लेकीच्या रस्त्यासाठी भांडताय म्हणं. आमी तुमची लेकरं न्हवं काय?" 

दोन्ही कामं होतील म्हणून मी शेवटपर्यंत झगडलो. पैसा दोन्हीकडं पुरेना. साहेबांनी निकष वाचून दाखवले. किती गावं, किती लोकसंख्या, किती माल. तुमच्या रस्त्यापुढं सगळी शून्यं, कारण माणसं शिवेच्या पलीकडं आणि आमच्या कागदात ती धरता येत नाहीत. काम कापलं जाणारच होतं. समितीचे चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, तुम्हीच मांडा, म्हणजे वाद होणार नाही." मी मांडला. मला वाटलं, एक वर्ष मागं पडेल. पुढच्या वर्षी मी त्यांचा शब्द मागून घेईन.

तुला लिहायला चार वेळा बसलो. खडी फोडताना तुला काय वाटायचं ते तू लिहिलं होतंस, ते पत्र समोर होतं. चारही वेळा कागद फाडला.

आता रस्ता होईल का, हे तू विचारशील. पुढच्या वर्षाचा आराखडा मी बघितला. त्यात नाव नाही. एकदा वगळलेलं काम परत घालायला पहिल्यापासून सर्वे, पहिल्यापासून शिफारस. मी थकलो आहे शालन.

नाथाजीरावांना मी तोंड दाखवू शकत नाही. तू मात्र येत जा. गाडीवाट का होईना, माहेर आहे.

आबा


तरसवाडी
२ ऑक्टोबर १९७७

आबांस नमस्कार.

अडीच वर्षांत तुमची पाच-सहा कार्डं आली. उत्तर दिलं नाही. रागानं नाही. काय लिहावं ते सुचायचं नाही.

मामंजी गेले ते तुम्हाला कळलंच. तुम्ही दिवसाला आला नाहीत. ते शेवटपर्यंत सकाळी शिवेपर्यंत फिरायला जायचे. रस्त्यावर बाभळी उगवल्या आहेत, त्यातनं वाट काढत जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळं करतोय.

आता कामाचं लिहिते. गावात काही राहिलं नाही. कांदा परत कुणी लावला नाही, नेणार कुठं? निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावतात आणि ऊसतोडीला जातात. गेली दोन वर्षं आम्ही थांबलो होतो, मामंजींसाठी. यंदा ह्यांनी मुकादमाला होकार दिला. नवराबायको मिळून एक कोयता. गावातनं तेरा कोयते आहेत. सासूबाई बाळाला घेऊन येणार, कोपीवर राहायला.

परवा मुकादम कारखान्यावरनं टोळीची चिठ्ठी घेऊन आला. आमची टोळी पिंपळबह्याच्या गटात पडली आहे.

हे आधी कळवते, कारण आई मळ्यात भाकरी घेऊन जाते. तिनं मला डोक्यावर मोळी घेतलेली एकदम बघितली तर तिच्या काळजाला लागेल. तिला आधी सांगून ठेवा. आणि तुम्ही घरी ये म्हणू नका. मी येणार नाही असं नाही. चार बाया घेऊन भेटायला येईन, ओसरीवर बसून चहा घेईन. पण राहायला येणार नाही. हे आणि बाकीची माणसं उसाच्या पाल्याच्या कोपीत झोपणार आणि मी माडीवर, हे व्हायचं नाही. हे मला म्हणाले, "तू ऱ्हा म्हायेरी, मी दुसऱ्या कुनाबरबर कोयता धरतो." मी म्हणाले, कोयता आपल्या दोघांचा आहे.

बांधाला भेटलात तर सगळ्यांना बोलता तसंच बोला. तेवढंच मागणं आहे. सहा वर्षांत मी माहेरी दोनदा आले. आता सहा महिने रोज आई दिसेल, एवढ्यावर मी खूश आहे. खरंच खूश आहे.

शालन


पिंपळबहे
२० ऑक्टोबर १९७७

चि. शालन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं नाही.

तू म्हणतेस तसं होणं शक्य नाही. माझ्याच फडात माझी लेक कोयता घेऊन उभी, जावई गाडी भरतोय आणि मी बांधावर छत्री घेऊन! गाव काय म्हणेल ते सोड. कृष्णातच्या पोरीला स्थळं बघतोय. आणि आईचा जीव उरणार नाही. तू तुझ्या मानाचं लिहिलंस, मी माझ्या घराचं बघायला हवं.

मी कारखान्यावर जाऊन शेतकी ऑफिसरला भेटलो. तुमच्या टोळीची चिठ्ठी बदलून घेतली आहे. आता तुमची टोळी नदीच्या पलीकडच्या गटात. तिथला ऊस चांगला, पाणी जवळ, माणसं बरी. मुकादमाला कारण सांगितलेलं नाही. यात तुझी सोय आहे. कुणी ओळखीचं भेटणार नाही, मोकळेपणानं काम करता येईल.

काही लागलं सवरलं तर कृष्णातच्या हाती चिठ्ठी पाठव. घरच्या पत्त्यावर लिहू नको, आईला हल्ली तुझ्या अक्षराचं वळण ओळखू येतं.

आबा


ऊसतोड टोळी, मुक्काम नदीपलीकडं
२७ नोव्हेंबर १९७७

आबांस,

शेजारच्या फडातला एक पोरगा पिंपळबह्याला जातोय, त्याच्याकडं कृष्णातदादाच्या नावानं हे देते.

आम्ही पोचलो. चिठ्ठी कुणी बदलली ते मुकादमाला कळलं नाही. बायकांनाही मी सांगितलं नाही. त्यांनी मला रस्ताभर चिडवलं होतं, "शालन, तुझ्या म्हायेरात आमाला साडीचोळी करनार न्हवं?" गट बदलल्याचं पुलापलीकडं कळलं, मग त्यांनी तो विषय सोडला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. त्यांना कळलं असावं.

एक मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. कारखान्याचा ट्रक आम्हाला घेऊन कराडवरनं आला, तो पिंपळबह्यातनंच आला. पुलाकडं जायला आता तोच सरळ रस्ता आहे. तुमच्या ठरावातला. दिवस चांगला वर आला होता. बैलगाडीच्या वाटेवर होतं ते चिंचेचं झाड आता डांबराच्या कडेला आहे. आपलं घर लांबनंच दिसलं. मी पोराला उचलून धरलं, म्हणाले, बघ, ते तुझ्या आजोळचं दार.

आई दारात बसली होती. सुपात काही तरी निवडत होती. तिनं मान वर केली. ट्रकमध्ये माणसं उभी असली की सगळी बघतात तसं तिनं बघितलं. मी हाक मारली. बाकीच्या बायाही ओरडल्या, त्यांनाही कळलं होतं कुणाचं घर ते. तिनं डोळ्यांवर हात धरला. तेवढ्यात घर मागं गेलं.

मी ड्रायव्हरच्या टपावर हात मारला. पण रस्ता इतका चांगला झालाय आबा, की गाडी हळू झाली नाही. खडी उत्तम दाबली आहे, कुठं हिसका नाही. मला त्यातलं कळतं.

आईनं कुणाची हाक ऐकली ते विचारलं, तर सांगा, ऊसतोडीची माणसं जाताना ओरडतातच.

शालन